फॅनी लू हेमर : मतदार यादीपासून उमेदवारीपर्यंतचा लढा

निवडणूक जवळ आली की आपल्या वस्त्यांमध्ये मतदानाच्या दिवसाची चर्चा सुरू होते. कोणाला मत द्यायचे, कोणाला पाडायचे, मते फुटणार की एकगठ्ठा पडणार, याचे हिशेब चौकाचौकात मांडले जातात. परंतु मतदानाच्या दिवसापूर्वी मतदाराला दोन दारे ओलांडावी लागतात. पहिले दार मतदार यादीचे. दुसरे दार उमेदवारीचे, म्हणजे मतपत्रिकेवर नाव कोणाचे येणार हे ठरविण्याचे. या दोन दारांवर पहारा कोणाचा आहे, याचा विचार आपण फारसा करीत नाही. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात कापूस वेचणाऱ्या एका कृष्णवर्णीय बाईने ही दोन्ही दारे ठोठावण्यात आपले आयुष्य खर्ची घातले. तिचे नाव फॅनी लू हेमर. १४ मार्च १९७७ रोजी तिचे निधन झाले.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले आणि संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागितली. म्हणून फॅनी लू हेमरचे चरित्र आपण घरच्या माणसाचे चरित्र म्हणून वाचले पाहिजे.

फॅनी लूचा जन्म ६ ऑक्टोबर १९१७ रोजी मिसिसिपीतील एका बटईदाराच्या घरात झाला. आईवडिलांचे ती विसावे अपत्य. ती दोन वर्षांची असताना हे कुटुंब सनफ्लॉवर काउंटीत आले. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. सहाव्या वर्षी तिच्या हाती कापूस वेचण्याचे काम आले. मळ्यावरच्या दुकानातील खाऊचे आमिष दाखवून मालकाने तिला वेचणीला लावले आणि तो खाऊ फेडता फेडता ती त्या कर्जात अडकली. वडिलांनी एकदा काटकसर करून स्वतःची खेचरे घेतली, जमीन खंडाने घेतली. गोऱ्या शेजाऱ्याला ते सहन झाले नाही. त्याने चाऱ्यात विष कालवून जनावरे मारली आणि कुटुंब पुन्हा बटईवर आले. खैरलांजीच्या देशात राहणाऱ्या आपल्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

शाळा सहावीच्या आसपास सुटली. पण लिहितावाचता येत असल्यामुळे मालकाने तिच्याकडे वेचलेल्या कापसाचे वजन आणि मजुरांच्या कामाचे तास टिपण्याचे काम दिले. १९४४ साली पेरी हेमर यांच्याशी तिचे लग्न झाले. १९६१ साली पोटातील गाठीच्या शस्त्रक्रियेसाठी ती रुग्णालयात गेली असता तिला न विचारता, न सांगता तिचे गर्भाशयच काढून टाकण्यात आले. गरीब काळ्या बायकांच्या बाबतीत हा प्रकार त्या राज्यात इतका सर्रास होता की त्याला उपरोधाने मिसिसिपीचे अपेंडिक्स ऑपरेशन म्हटले जाई.

ऑगस्ट १९६२ मध्ये रूलव्हिल गावातील एका चर्चमध्ये नागरी हक्क चळवळीच्या कार्यकर्त्यांची सभा झाली. काळ्या माणसालाही मतदार म्हणून नाव नोंदविता येते, हे फॅनी लूने त्या सभेत पहिल्यांदा ऐकले. तेव्हा ती ४४ वर्षांची होती. अमेरिकेच्या राज्यघटनेतील पंधरावी दुरुस्ती १८७० साली झाली होती. वर्णाच्या कारणावरून मताधिकार नाकारता येणार नाही, असे त्या दुरुस्तीने सांगून ९२ वर्षे उलटली होती. हक्क कागदावर होता. ज्याचा हक्क त्याच्या कानापर्यंतही तो पोहोचू दिलेला नव्हता.

तो कसा पोहोचू दिला नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. मिसिसिपीने १८९० साली आपल्या राज्याची नवी घटना केली. त्या घटनेत काळ्यांना मतदान करता येणार नाही, असे एकही कलम नव्हते. तसे लिहिले असते तर पंधराव्या दुरुस्तीने ते रद्द झाले असते. म्हणून वर्णाचा उल्लेख न करता अटी घातल्या. वर्षाला दोन डॉलरचा मतदान कर, राज्यात दोन वर्षांचे वास्तव्य आणि घटनेचे कलम वाचता येणे किंवा वाचून दाखविल्यावर त्याचा अर्थ सांगता येणे. काळे लोक शिकू लागले तशी ही अट आणखी आवळली गेली. १९५० नंतरच्या दशकात वाचणे, लिहिणे आणि अर्थ सांगणे हे तिन्ही सक्तीचे झाले. अर्थ बरोबर की चूक हे ठरविणार नोंदणी अधिकारी. १९६० साली चांगल्या नैतिक चारित्र्याची अट आली. १९६२ साली आणखी एक कायदा झाला : ज्याने अर्ज केला त्याचे नाव दोन आठवडे वर्तमानपत्रात छापायचे. वरवर पाहता ही पारदर्शकता. प्रत्यक्षात मळामालकाला, सावकाराला आणि रात्री गोळ्या झाडणाऱ्यांना घरपोच दिलेली यादी!

३१ ऑगस्ट १९६२ रोजी फॅनी लू आणि तिच्यासह एकूण १८ जण जुन्या बसमधून २६ मैलांवरील इंडियानोला या काउंटीच्या ठिकाणी गेले. नोंदणी अधिकाऱ्याने एका वेळी दोघांनाच आत घेतले. फॅनी लूपुढे राज्यघटनेचे सोळावे कलम ठेवले. पूर्वलक्षी गुन्हेगारी कायदे आणि करारांच्या बंधनाला बाधा आणणारे कायदे करता येणार नाहीत, असे ते कलम आहे. त्याच्याशी मिळतेजुळते तत्त्व आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २० मध्ये आहे आणि ते नीट समजावून सांगताना आजही कायद्याच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी अडखळतो. सहावी शिकलेल्या मजूर बाईने त्याची नक्कल उतरवून दिली, अर्थ मात्र सांगता आला नाही. ती नापास झाली. त्याच कार्यालयात गोऱ्या माणसाला एका ओळीचे कलम देऊन पास करता येत होते. कारण कोणाला कोणते कलम द्यायचे हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते. कायद्याची भाषा तटस्थ असली तरी अंमलबजावणी करणारा हात कोणाचा, यावर निकाल ठरतो.

परतीच्या वाटेवर पोलिसांनी बस अडविली. बसचा पिवळा रंग शाळेच्या बससारखा दिसतो, हा गुन्हा! चालकाला शंभर डॉलरचा दंड सांगितला, तो तीसवर आला, आणि सर्वांनी खिशातील पैसे एकत्र करून तो भरला. लोक घाबरलेले होते. फॅनी लूने बसमध्ये गाणी म्हणायला सुरुवात केली आणि लोकांचा धीर परत आला. आपल्या जलशांनी आणि गायनपार्ट्यांनी जे काम महाराष्ट्रात केले, ते काम तिथे चर्चमधल्या गाण्यांनी केले.

ती घरी पोहोचण्याआधीच बातमी मळामालकाकडे पोहोचली होती. अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड, असे त्याने बजावले. नोंदणी मी तुमच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी करायला गेले होते, अशा अर्थाचे उत्तर देऊन तिने त्याच रात्री १८ वर्षांचे घर सोडले. हंगाम संपेपर्यंत नवऱ्याला मात्र मळ्यावरच राहावे लागले. १० सप्टेंबरच्या रात्री ती ज्या घरी आश्रयाला होती त्या घरावर १६ गोळ्या झाडल्या गेल्या. त्या वेळी ती तिथे नव्हती म्हणून वाचली. डिसेंबरमध्ये ती पुन्हा परीक्षेला गेली. पास होईपर्यंत दर महिन्याला येत राहीन, असे तिने अधिकाऱ्याला सांगून ठेवले. १० जानेवारी १९६३ रोजी तिला कळले की आपण पास झालो. नाव यादीत आले. पण त्या वर्षीच्या निवडणुकीत मत देता आले नाही. कारण दोन वर्षांच्या मतदान कराच्या पावत्या तिच्याकडे नव्हत्या. एक कुलूप उघडले तर आत दुसरे होतेच.

९ जून १९६३ रोजी मतदार प्रशिक्षण शिबिरातून परतताना वायनोना येथील बसस्थानकावर तिला व सहकाऱ्यांना अटक झाली. तुरुंगात पोलिसांनी दोन काळ्या कैद्यांच्याच हातून तिला पालथी पाडून मारविले. मूत्रपिंडाला कायमची इजा झाली, एका डोळ्याची दृष्टी अधू झाली. दलिताला दलिताच्याच हाताने मारायचे, हे तंत्र जगभर सारखेच आहे. १२ जूनला ती सुटली. त्याच दिवशी पहाटे चळवळीचे नेते मेडगर एव्हर्स यांचा त्यांच्या घराच्या दारात खून झाला होता. पुढे त्या पोलिसांवर खटला चालला आणि सर्व गोऱ्या ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले.

येथपर्यंतचा लढा पहिल्या दाराचा, म्हणजे यादीचा होता. आता दुसऱ्या दाराकडे येऊ.

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार बहुधा पक्षाचे नेते ठरवीत नाहीत. त्यासाठी आधी प्राथमिक निवडणूक होते आणि मतदारच पक्षाचा उमेदवार निवडतात. त्यानंतर निरनिराळ्या पक्षांच्या उमेदवारांमध्ये अंतिम निवडणूक होते. ऐकायला ही व्यवस्था फार लोकशाहीची वाटते. परंतु दक्षिणेकडील राज्यांत तेव्हा डेमोक्रॅटिक हा एकच पक्ष होता. त्याची प्राथमिक निवडणूक जिंकली की अंतिम निवडणूक ही औपचारिकता उरे. मग या पक्षाने नियम केला की पक्ष ही खासगी संस्था आहे आणि तिच्या प्राथमिक निवडणुकीत फक्त गोरेच मतदान करतील. म्हणजे खरी निवडणूक गोऱ्यांची आपसात आणि उरलेली, निकाल लागून गेलेली निवडणूक सर्वांसाठी खुली. टेक्सास राज्यातील स्मिथ विरुद्ध ऑलराइट या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४४ साली ही गोऱ्यांची प्राथमिक निवडणूक घटनाबाह्य ठरविली. मिसिसिपीला त्याची फार चिंता वाटली नाही. कारण पहिल्या दारावर माणूस यादीतच शिरत नसेल तर दुसरे दार उघडे ठेवायला काय हरकत आहे?

जून १९६४ मध्ये फॅनी लू हेमर याच प्राथमिक निवडणुकीत काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या जागेसाठी उभी राहिली. प्रतिस्पर्धी जेमी व्हिटन १९४१ पासून खासदार होता. त्याच वर्षी जानेवारीत चोविसाव्या घटनादुरुस्तीने केंद्रीय निवडणुकांपुरता मतदान कर रद्द झाला होता. ती हरणार हे उघड होते. परंतु आयुष्यातले पहिले मत तिने स्वतःच्या नावावर टाकले.

पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी निवडण्याचीही एक उतरंड होती. आधी मतदान केंद्राच्या पातळीवर बैठक, मग काउंटी, मग जिल्हा, मग राज्य. काळे कार्यकर्ते या खालच्या बैठकांना गेले तर कुठे दाराला कुलूप, कुठे बैठकच दुसरीकडे हलविलेली. त्यांनी आपला स्वतंत्र पक्ष, मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी, एप्रिल १९६४ मध्येच स्थापन केला होता. त्याआधी १९६३ च्या शरद ऋतूत त्यांनी अधिकृत यादीला समांतर अशी स्वतःची निवडणूक घेतली होती आणि तीत सुमारे ८० हजार लोकांनी मतदान केले होते. काळ्यांना मतदानात रसच नाही, हा गोऱ्यांचा दावा त्या ८० हजारांनी खोटा पाडला. १९६४ च्या उन्हाळ्यात देशभरातून सुमारे एक हजार स्वयंसेवक मिसिसिपीत आले. जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वेर्नर या तिघांचा जून महिन्यातच खून झाला. त्या उन्हाळ्यात सुमारे १७ हजार काळ्या नागरिकांनी नोंदणीचा प्रयत्न केला. नावे लागली जेमतेम १६०० जणांची.

फ्रीडम पार्टीने आपल्या बैठका कायद्याने सांगितलेल्या क्रमाने, उघड दारांनी घेतल्या आणि ६८ प्रतिनिधी निवडून अटलांटिक सिटी येथील राष्ट्रीय अधिवेशनाला पाठविले. मिसिसिपीचे खरे प्रतिनिधी आम्ही, गोरे नव्हेत, हा त्यांचा दावा. २२ ऑगस्ट १९६४ रोजी पात्रता समितीपुढे फॅनी लूने साक्ष दिली. नोंदणीला गेल्याबद्दल घर कसे गेले आणि तुरुंगात काय झाले, ते तिने साध्या शब्दांत सांगितले आणि आपण स्वतंत्रांच्या देशात राहतो का, असा प्रश्न केला. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने पत्रकार परिषद बोलावून दूरचित्रवाणीचे कॅमेरे तिच्यावरून हटविले. पण रात्रीच्या बातम्यांत तिची साक्ष देशभर दाखविली गेली आणि डाव उलटला.

मग तडजोड पुढे आली. ६८ जणांना दोन जागा. त्याही मिसिसिपीच्या नव्हेत, आणि त्या दोघांची नावेसुद्धा पक्षनेत्यांनीच ठरविलेली. चळवळीतील मोठमोठ्या नेत्यांनी ही तडजोड स्वीकारावी म्हणून समजूत घातली. फॅनी लू व तिच्या बहुसंख्य सहकाऱ्यांनी ती धुडकावली. दोन जागा कमी होत्या एवढाच मुद्दा नव्हता; आपले प्रतिनिधी दुसऱ्याने निवडायचे, हे त्यांना मान्य नव्हते. त्याचे फळ १९६८ साली दिसले. शिकागोच्या अधिवेशनात मिसिसिपीच्या संमिश्र शिष्टमंडळाला जागा मिळाली आणि फॅनी लू सभागृहात आली तेव्हा लोक उठून उभे राहिले.

६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकार कायदा झाला. साक्षरतेच्या परीक्षा स्थगित झाल्या आणि केंद्राचे अधिकारी नोंदणीसाठी पाठविण्याची तरतूद झाली. मिसिसिपीत नोंदणी झालेल्या काळ्या मतदारांचे प्रमाण कायद्यापूर्वी ६.७ टक्के होते, ते १९६७ पर्यंत ५९.८ टक्के झाले. लोक तेच होते, त्यांचे शिक्षणही तेवढेच होते. फक्त दारावरचा पहारेकरी बदलला.

वकिलांनी वाचावा असा तिचा एक खटलाही आहे, हेमर विरुद्ध कॅम्पबेल. कॅम्पबेल हा सनफ्लॉवर काउंटीचा नोंदणी अधिकारी. १९६५ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने त्याला भेदभाव थांबविण्याचा आदेश दिला, पण जूनमधील नगर निवडणुकांपूर्वी लोकांना नावे नोंदवायला अवधीच उरला नव्हता. अपील न्यायालयाने १९६६ साली सनफ्लॉवर गावाची निवडणूकच रद्द ठरविली. सदोष यादीवर घेतलेली निवडणूक टिकत नाही, हे तत्त्व एका बटईदार बाईच्या नावाने कायद्याच्या पुस्तकात गेले. १९६७ साली फेरनिवडणूक झाली तेव्हा काळे उमेदवार हरले, हेही नोंदविले पाहिजे. मालकाच्या घरात राहणारा आणि मालकाच्या दुकानातून उधार खाणारा मतदार मोकळेपणाने मत देऊ शकत नाही, हे तिने त्यातून ओळखले. म्हणून १९६९ साली तिने ४० एकरांवर सहकारी शेती उभारली, गरीब कुटुंबांना डुकराची मादी देऊन पिल्ले परत घेण्याची योजना चालविली. पैशाअभावी ती शेती पुढे बंद पडली. १९७१ मध्ये ती राज्याच्या सिनेटसाठी लढली आणि हरली. कर्करोगाने ५९ व्या वर्षी तिचा अंत झाला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने तिला मरणोत्तर सर्वोच्च नागरी सन्मान दिला.

आता आपल्याकडे पाहू. प्राथमिक निवडणूक हा शब्द आपल्याला परका नाही. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात ती होती. राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि मग त्या चारांतून एकाला सर्व हिंदू मतदारांनी मिळून निवडायचे, अशी ती पद्धत. मिसिसिपीत पहिली फेरी गोऱ्यांची, दुसरी सर्वांची. आपल्याकडे पहिली फेरी अस्पृश्यांची, दुसरी सर्वांची. मांडणी उलटी, पण परिणाम एकच. कारण दोन्हीकडे निर्णायक फेरी बहुसंख्याकांच्या ताब्यात होती. अस्पृश्यांच्या पसंतीत चौथा आलेला उमेदवार सवर्णांच्या मतांवर पहिला येऊ शकत होता. १९४५-४६ च्या निवडणुकांत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने काही ठिकाणी प्राथमिक फेरीत आघाडी घेतली आणि अंतिम फेरीत पराभव पत्करला. बाबासाहेबांनी हे दुखणे आकड्यांनिशी मांडले. आज तर ती प्राथमिक फेरीही उरलेली नाही. राखीव मतदारसंघातील उमेदवार पक्षश्रेष्ठी ठरवितात. अटलांटिक सिटीत देऊ केलेल्या दोन जागा आणि आपल्या राखीव जागांवरचे मौनी प्रतिनिधी यांत फरक किती, याचा वाचकांनी विचार करावा.

पहिल्या दाराच्या बाबतीत मात्र बाबासाहेबांनी आपल्याला फॅनी लूपेक्षा कितीतरी पुढे नेऊन ठेवले आहे. मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटींवरचा मताधिकार त्यांनी नाकारला, सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला आणि अनुच्छेद ३२५ व ३२६ मधून तो संविधानात आला. धर्म, वंश, जात किंवा लिंग यांवरून कोणालाही यादीबाहेर ठेवता येत नाही. तरीही यादी माणसेच करतात. २०२५ साली बिहारमध्ये यादीच्या विशेष पुनरीक्षणानंतर १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावे नव्हती. ती नावे कारणांसह जाहीर करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्टला द्यावा लागला.

म्हणून कायदा माहीत असला पाहिजे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम २० नुसार कामासाठी तात्पुरता गाव सोडणारा माणूस तेवढ्यावरून त्या गावचा रहिवासी असण्याचे थांबत नाही. ऊसतोडीला, वीटभट्टीवर गेलेल्या आपल्या बांधवांचे नाव त्या कारणाने काढता येत नाही. कलम २२ प्रमाणे, राहत नाही म्हणून नाव वगळण्यापूर्वी त्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. कलम २४ प्रमाणे अपील करता येते. आणि कलम २३ प्रमाणे उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरते नाव घालता येत नाही. मतदानाच्या दिवशी केंद्रावर भांडून उपयोग नसतो.

जाता जाता एक गोष्ट. १९६६ च्या सुमारास अलाबामातील लाउंडेस काउंटीत काळ्या मतदारांनी स्वतंत्र पक्ष काढला. निरक्षर मतदारांना ओळखता यावे म्हणून निवडणूक चिन्ह लागत होते. त्यांनी काळा पँथर घेतला. तेच चिन्ह पुढे ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाने घेतले आणि त्यावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपल्या पँथरचा जन्म असा मतदार यादीच्या लढ्यातून झालेला आहे.

तेव्हा प्रत्येक बुद्धविहारात प्रारूप यादीचे जाहीर वाचन झाले पाहिजे. स्थलांतरित कुटुंबांची वेगळी वही ठेवली पाहिजे. आणि जे पक्ष आपली मते मागतात त्यांना राखीव जागेचा उमेदवार कोणाला विचारून ठरविला, हे अर्ज भरण्यापूर्वी विचारले पाहिजे, निकालानंतर नव्हे. सहावी शिकलेल्या फॅनी लूने हे दोन्ही प्रश्न घर गमावून विचारले होते. आपल्याला त्यासाठी आज नमुना ६ चा एक अर्ज आणि चार माणसांची एक बैठक एवढेच लागते. जयभीम!